जर्मनीत लांबचा रेल्वे प्रवास: कोल्हापूरहून शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी भागातून दरवर्षी बरीच मुलंमुली मास्टर्ससाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला जातात. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं), भाड्याची खोली यांबद्दल त्यांना भरपूर सल्ला मिळतो. रेल्वेबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण रेल्वे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे असं घरातल्या सगळ्यांनाच वाटतं. नेमका इथेच पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैशांचा फटका बसतो. पीएनआर, वेटिंग, चार्ट, तत्काळ, टीसीला भेटून जागेचं बघणं, यातलं काहीच तिकडे नाही. तिथले नियम वेगळे आहेत आणि एकदा समजले की सोपेही आहेत.

तिकीट वेगळं, जागा वेगळी

जर्मनीत लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या डॉयचे बान ही सरकारी मालकीची कंपनी चालवते. आयसीई म्हणजे वेगवान गाडी, काही मार्गांवर ताशी 300 किलोमीटरपर्यंत धावणारी. आयसी आणि ईसी त्याखालोखाल. आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक गाड्या. हा फरक पहिल्या दिवशीच पक्का करा, कारण पुढचे निम्मे नियम त्यावर अवलंबून आहेत.

तिकीट काढलं म्हणजे बसायला जागा मिळालीच असं नाही. तिकीट हा प्रवासाचा हक्क. सीटचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि दुसऱ्या वर्गात त्याला साधारण साडेपाच युरो पडतात. वेटिंग लिस्ट नसल्यामुळे गर्दीच्या गाडीतही तिकीट मिळत राहतं आणि मग माणसं दाराजवळ उभी राहून चार तास काढतात. शुक्रवारी दुपारनंतर, रविवारी संध्याकाळी, नाताळ आणि ईस्टरच्या आसपास आरक्षण घ्याच. मंगळवारी सकाळी अकराच्या गाडीला ते बहुधा लागत नाही.

कोणतं तिकीट घ्यायचं

लांबच्या गाड्यांची भाडी तीन प्रकारची असतात आणि मागणीप्रमाणे चढतात. आज पाहिलेला दर पुढच्या आठवड्यात तोच असेल असं नाही.

फ्लेक्सप्राइस सगळ्यात महाग. ज्या दिवसाचं तिकीट, त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा. श्पारप्राइस स्वस्त, पण तुम्ही ठरवलेल्याच गाडीशी बांधलेलं. आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तर शुल्क कापून बाकीचे पैसे परत मिळतात. सुपर श्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, तेही गाडीशी बांधलेलं, आणि रद्द केलं तर एक सेंटही परत नाही. फ्रँकफर्ट ते बर्लिन हा सुमारे चार तासांचा प्रवास आधी बुक केला तर वीस-तीस युरोंत होऊ शकतो. ऐन दिवशी फ्लेक्सप्राइस घेतलं तर शंभराच्या पुढे जातो.

गाडीशी बांधलेलं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. 14:13 च्या आयसीईचं तिकीट असेल आणि स्टेशनवर तुम्ही तासभर आधी पोचलात, तर 13:13 च्या गाडीत बसता येत नाही. बसलात तर तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट नाही असंच धरलं जातं. हे बंधन फक्त आयसीई, आयसी, ईसी यांना आहे. त्याच तिकिटावरचा आरई किंवा एस-बानचा टप्पा थोडा आधीच्या गाडीने केला तरी चालतो, पुढची मोठी गाडी मात्र ठरलेलीच.

मित्राकडे शनिवार-रविवार जायचं असेल, तारीख पक्की असेल, तर सुपर श्पारप्राइस घ्या. मुलाखत, परदेशी नागरिक कार्यालयातली अपॉइंटमेंट, किंवा पासपोर्टच्या कामासाठी बर्लिनचा भारतीय दूतावास अथवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग इथलं वाणिज्य दूतावास असेल, तर जाताना स्वस्त तिकीट आणि येताना फ्लेक्स, हा चांगला मेळ आहे. सरकारी काम किती वाजता संपेल हे तिथेही सांगता येत नाही.

बानकार्ड आणि डॉइचलांड-टिकेट

वर्षातून चार-पाच लांबचे प्रवास होणार असतील तर बानकार्ड 25 बघा. सगळ्या प्रकारच्या भाड्यांवर 25 टक्के सूट. बानकार्ड 50 फ्लेक्सवर निम्मी सूट देतं, पण दोन्ही श्पारप्राइसवर 25 टक्केच, त्यामुळे आधी बुक करणाऱ्याला त्याचा जादा फायदा नाही. 27 वर्षांखालच्यांना कमी किमतीचं माय बानकार्ड मिळतं. बहुतेक विद्यार्थी या वयात बसतात आणि तरी नेहमीचंच कार्ड घेऊन बसतात.

बानकार्ड ही वर्गणी आहे. मुदत संपली की ते आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू होतं आणि पैसे खात्यातून जातात. तीन महिन्यांचं प्रोबे, म्हणजे चाचणीचं, बानकार्डही, वेळेत रद्द केलं नाही तर, वर्षाच्या कार्डात बदलतं. म्हणून कार्ड घेतल्या दिवशीच फोनमध्ये आठवण लावा, मुदतीच्या सहा आठवडे आधीची, आणि रद्द केल्याची पोचपावती ईमेलवर आली का ते पाहा.

डॉइचलांड-टिकेट मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 आणि 2026 पासून 63 युरो महिना झालं. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरी बस, ट्राम, मेट्रो त्यात येतात. आयसीई, आयसी, ईसी आणि खासगी फ्लिक्सट्रेन त्यात येत नाहीत. नवी मुलं सगळ्यात जास्त दंड याच गैरसमजातून भरतात: फलाटावर आधी आयसीई आली, तिकीट तर 'अख्ख्या जर्मनीचं' आहे, म्हणून चढले. हीसुद्धा वर्गणीच. महिनाअखेरीस थांबवायची असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावी लागते. अनेक विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त डॉइचलांड-टिकेट असतं. वेगळं विकत घेण्याआधी फीची पावती उघडून बघा.

प्रादेशिक गाड्यांनीच लांब जाता येतं का? येतं. हॅम्बुर्गहून म्युनिकला आयसीईने साधारण सहा तास लागतात, प्रादेशिक गाड्यांनी दहा तासांच्या वर, अनेक ठिकाणी गाडी बदलत. दोन-तीन तासांच्या अंतरासाठी हा मार्ग उत्तम. त्यापुढे तब्येतीवर ताण येतो.

बुकिंग करताना

तिकीट डीबी नॅव्हिगेटर या ॲपवर किंवा डॉयचे बानच्या संकेतस्थळावरच काढा. दलालांच्या साइटवर वरचं शुल्क जातं, आणि गाडी रद्द झाल्यावर पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्न उरतो.

1. खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं. तिकिटावर स्वतःचं नाव आणि आडनाव जुळलं पाहिजे. घरातलं हाक मारायचं नाव नको.
2. जर्मन खातं उघडेपर्यंत भारतीय कार्ड वापरायचं तर निघण्यापूर्वी कोल्हापुरातच बँकेतून किंवा बँकेच्या ॲपमधून त्यावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू करून घ्या. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम बंद करू नका आणि रोमिंग चालू ठेवा.
3. स्टेशनाचं पूर्ण नाव वाचा. फ्रँकफर्ट दोन आहेत: माइन नदीवरचं, जिथे आपली विमानं उतरतात, आणि ओडर नदीवरचं, पोलंडच्या सीमेवर. कोलोनमध्ये हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्टेशन वेगळं आणि नदीपलीकडचं मेसे/डॉइट्झ वेगळं. काही आयसीई फक्त पलीकडेच थांबतात.
4. गाडी बदलायला किमान वेळ किती हवा, हे ॲपमध्ये ठरवता येतं. ॲप सहा-आठ मिनिटांचा मेळही सुचवतं. तो घेऊ नका. सामान असेल तर अर्धा तास, आणि ती शेवटची गाडी असेल तर त्याहून जास्त.
5. घराजवळच्या स्टेशनपासून मुक्कामापर्यंत एकच तिकीट काढा.

या पाचव्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे हुशार मुलंही फसतात. समजा तुम्ही ब्राउनश्वाइगमध्ये राहता आणि हॅनोव्हरहून म्युनिकची आयसीई पकडायची आहे. डॉइचलांड-टिकेट तर आहेच, म्हणून हॅनोव्हर ते म्युनिक एवढंच सुपर श्पारप्राइस काढलं. ब्राउनश्वाइगची गाडी उशिरा आली, आयसीई निघून गेली. रेल्वेच्या दृष्टीने ही दोन वेगळी तिकिटं, म्हणजे दोन वेगळे करार. आयसीई वेळेवर सुटली, तुम्ही आला नाहीत. नवं तिकीट काढा. तेच तिकीट ब्राउनश्वाइगपासून काढलं असतं तर चुकलेली जोडगाडी, म्हणजे मधे बदलून पकडायची पुढची गाडी, ही रेल्वेची जबाबदारी ठरली असती आणि पुढच्या गाडीने फुकट जाता आलं असतं. दरातला फरक बहुतेकदा किरकोळ असतो, कधीकधी नसतोच.

पहिल्याच दिवशी, विमानतळावरून

मुंबईहून फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांसाठी लांबच्या गाड्यांचं स्टेशन विमानतळावरच, टर्मिनल 1 ला जोडून आहे. फेर्नबानहोफ ही पाटी बघा. रेगिओनालबानहोफ हे शेजारचं प्रादेशिक गाड्यांचं स्टेशन. विमान उतरण्याच्या वेळेवर गाडीशी बांधलेलं तिकीट काढणं टाळा. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, आणि विमानालाच उशीर, यातलं काहीही रेल्वेची जबाबदारी नाही. काढायचंच असेल तर मधे किमान तीन-चार तास ठेवा. काही विमान कंपन्यांच्या तिकिटात रेल्वेचा प्रवास जोडून घेता येतो. विमानाचं बुकिंग करतानाच विचारा.

हमाल मिळत नाहीत. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर सॅक आणि हातात आईने दिलेली पिशवी, हे सगळं एकट्याने गाडीत चढवायचं आहे. डॉयचे बान सामानाचं वजन करत नाही, पण स्वतःला उचलता येईल एवढंच न्या. आणि पिशवीबद्दल: चटण्या, कांदा-लसूण मसाला, भडंग ठीक, भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला परवानगी नाही, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच.

फलाटावर

कोल्हापूर शेवटचं स्टेशन असल्यामुळे आपल्याकडे गाडी आधीच फलाटाला लागलेली असते. डबा शोधा, सामान लावा, सोडायला आलेल्यांशी बोला, मग सुटते. जर्मनीत मधल्या स्टेशनवर आयसीई दोन-तीन मिनिटं थांबते आणि सुटायच्या वेळेच्या थोडं आधीच दारं बंद होतात. बंद झाली की उघडत नाहीत.

म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधी फलाटावर उभं राहा. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग केलेले असतात आणि तुमचा डबा कोणत्या भागात येईल हे ॲपमध्ये आणि फलाटावरच्या फलकावर दिसतं. डबे उलट क्रमाने येणार असतील तर तसंही लिहिलेलं आणि पुकारलेलं असतं. हे वारंवार होतं. आयसीई चारशे मीटरपर्यंत लांब असू शकते. बॅगा ओढत दुसऱ्या टोकाला पळणं दोन मिनिटांत होत नाही. वेळ कमी पडला तर जवळच्या दारातून चढा आणि आतून चालत जा.

आतून चालत जाणं एका बाबतीत जमत नाही. काही आयसीई म्हणजे दोन गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या असतात. बर्लिनहून पश्चिमेला जाणाऱ्या काही गाड्या हॅम स्टेशनवर तुटतात, एक भाग ड्युसेलडॉर्फकडे आणि दुसरा कोलोनकडे. दोन भागांमध्ये ये-जा करायला वाट नाही. चढताना डब्याच्या दाराजवळच्या पडद्यावर गाडीचा क्रमांक आणि शेवटचं स्टेशन वाचाच.

फलाट बदलला की फलकावर पांढऱ्या पट्टीत सूचना येते. चार शब्द ओळखता आले की काम भागतं: ग्लाइस म्हणजे फलाट, फेरश्पेटुंग म्हणजे उशीर, फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द, आणि एर्झात्सफेरकेअर म्हणजे रेल्वेऐवजी बस. शेवटचा शब्द दुरुस्तीच्या काळात जास्त दिसतो. 2024 मध्ये फ्रँकफर्ट-मानहाइम मार्ग जवळपास पाच महिने पूर्ण बंद होता, ऑगस्ट 2025 पासून हॅम्बुर्ग-बर्लिनची पाळी आली. आधी काढलेल्या तिकिटाची वेळ प्रवासाच्या दोन दिवस आधी ॲपमध्ये पुन्हा तपासा.

गाडीत

सीटच्या वर किंवा बाजूला छोटा पडदा असतो. दोन स्टेशनांची नावं दिसली तर त्या टप्प्यात ती जागा आरक्षित. काहीच नसेल तर खुशाल बसा. आरक्षण असलेला माणूस गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क जातो. उलट तुमच्या आरक्षित जागी कुणी बसलेलं असेल तर तिकीट दाखवून सांगा, लगेच उठतात. त्यात कुणाला राग येत नाही.

स्टेशनवर फाटक नसतं, तपासणी गाडीतच होते. लांबच्या गाडीत तपासनिसाकडून तिकीट विकत घेता येत नाही. धावत चढलात तर गाडी सुटल्यापासून दहा मिनिटांच्या आत ॲपवर काढा. तिकीट नसेल तर किमान 60 युरो भरावे लागतात आणि विनवणीने ते कमी होत नाहीत. तिकिटासोबत फोटोचं ओळखपत्र लागतं, पासपोर्ट किंवा जर्मन रेसिडेन्स कार्ड. आधार चालत नाही. फोन चार्ज असू द्या. आयसीईत सॉकेट असतात, त्यात आपली बारीक दोन पिनांची प्लग बसते, तीन पिनांची बसत नाही.

काही डबे किंवा डब्यांचे भाग शांततेसाठी राखलेले असतात, खिडकीवर बोट ओठावर ठेवलेलं चिन्ह असतं. तिथे घरी व्हिडिओ कॉल नको. भारत हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्यामुळे संध्याकाळच्या गाडीत घरचा फोन हमखास येतो, तेव्हा बुकिंगमध्येच फोन चालणारा भाग निवडा.

डबा खायला काहीच हरकत नाही. चपाती-भाजी, दशमी, भडंग सगळं चालतं. फक्त तीव्र वासाचं गाडीच्या बंद डब्यात टाळलेलं बरं. फेरीवाले नसतात, बिस्ट्रो डब्यात पाणी महाग आहे आणि कधीकधी बिस्ट्रोच बंद असतो. शौचालयातल्या नळाचं पाणी पिण्याचं नसतं. घरच्या नळाचं पाणी जर्मनीत बिनदिक्कत पितात, तीच बाटली भरून घ्या. रविवारी गावातली दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी असतात.

उशीर झाला तर

होतो, आणि बऱ्यापैकी होतो. 2024 मध्ये डॉयचे बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे 'वेळेवर'मध्येच मोजतात. त्यामुळे प्रवाशाचे हक्क माहीत असणं ही चैन नाही.

मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असं दिसलं की गाडीचं बंधन सुटतं. ॲपमध्ये तशी सूचना येते, तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि दुसरी गाडी पकडा. साठ मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर प्रवास सोडून पूर्ण पैसे मागता येतात. प्रवास केलात आणि साठ मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याच्या 25 टक्के, एकशेवीस मिनिटांनी 50 टक्के परत मिळतात. मोजायचा तो शेवटच्या स्टेशनवरचा उशीर, मधल्या गाडीचा नव्हे. दहा मिनिटं उशिराने जोडगाडी चुकून तुम्ही सव्वा तास उशिरा पोचलात, तर सव्वा तास धरला जातो. अर्ज ॲपमधूनच करता येतो, तीन महिन्यांच्या आत. चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत. वादळासारख्या कारणांत नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते, पण तिकिटाचे पैसे किंवा पुढचा प्रवास नाकारता येत नाही.

रात्री शेवटची जोडगाडी चुकली तर स्वतःहून हॉटेल घेऊ नका. आधी गाडीतल्या कर्मचाऱ्याला किंवा स्टेशनवरच्या माहिती खिडकीला गाठा. हॉटेल किंवा टॅक्सीचं कूपन तिथून मिळतं. कुणीच नसेल तर आधी फोन करून पाहा, आणि तसा प्रयत्न केल्याचा पुरावा व बिल जपा.

सीमा ओलांडताना

जर्मन रेसिडेन्स परमिट किंवा जर्मनीचा राष्ट्रीय डी-व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे सामाईक व्हिसा मानणाऱ्या युरोपीय देशांत, 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. पण मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड दोन्ही जवळ हवेत. फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. साल्झबुर्गकडून येणाऱ्या गाड्यांत पोलीस चढतात आणि गाडी थांबून राहते. परतीच्या जोडगाडीला तेवढी मोकळीक ठेवा.

परमिटचं नूतनीकरण चालू असताना मिळणारं तात्पुरतं पत्र, फिक्सिऑन्सबेशाइनिगुंग, याच्या भरवशावर परदेशात जाऊ नका. त्यात कोणत्या कलमावर खूण आहे त्यावर परत येता येईल की नाही हे ठरतं. कार्यालयाला लेखी विचारा. लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथे मोबाईल डेटाला वेगळे पैसे पडू शकतात. तिकीट आधीच डाउनलोड करा.

सुट्टीत चार-पाच देश फिरायचे असतील तर इंटररेल, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांसाठीचा एकच पास, बघा. हा पास नागरिकत्वावर नाही, राहण्याच्या ठिकाणावर मिळतो. भारतीय पासपोर्ट असूनही जर्मनीत राहणाऱ्याने इंटररेल घ्यायचा. कोल्हापूरहून फिरायला येणाऱ्या आईवडिलांनी युरेल, म्हणजे युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास. राहत्या देशात मात्र इंटररेल एकदा बाहेर जाताना आणि एकदा परत येताना एवढाच चालतो. फ्रान्सच्या टीजीव्हीला, युरोस्टारला, इटलीच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना पासवरही आरक्षण सक्तीचं आणि त्याचे वेगळे पैसे आहेत.

आईवडील येणार असतील आणि गुडघ्यांचा त्रास किंवा व्हीलचेअर असेल तर डॉयचे बानची मदत सेवा मोफत आहे. किमान एक दिवस आधी, शक्यतो त्याहूनही आधी, ॲपवरून किंवा फोनवरून नोंदवा. चढताना, उतरताना आणि गाडी बदलताना माणूस येतो. गाडी बदलायची वेळ निदान चाळीस मिनिटांची ठेवा आणि ते स्टेशन ही मदत देतं का हे बुकिंगपूर्वीच विचारा, कारण छोट्या स्टेशनांवर ती नसते.